पाटलांच्या वहीत नसलेली बाळं

आमच्या डोंबिवलीच्या घरात एम.ए. करणारी मी पहिलीच, त्यामुळे मी नक्की काय करते हे कुणाला धड कळत नसे. पन्नास सालानंतरची गोष्ट. खाडीकाठच्या मिठागरवाल्या गावांत वर्षाच्या आतली किती मुलं दगावतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. "मेली ही कसली परीक्षा! लोकांच्या दारी जाऊन गेलेली पोरं मोजायची?" आई म्हणायची. तोवर मी चपला घातलेल्या असायच्या. "पायाला भिंगरी लागलीय कार्टीच्या," हे मला जिन्यात ऐकू यायचं.

आकडे मिळतात कुठं, हेच आधी कुणी सांगेना. सर म्हणाले, छापील अहवाल बघा. अहवालात सगळा तालुका एका ओळीत उरकलेला. ठाण्याच्या कचेरीत गेले, तर आज या टेबलाकडून त्या टेबलाकडे, उद्या त्या टेबलाकडून या टेबलाकडे. अखेर एका कारकुनानं मान वर न करता सांगितलं की गावागावचं हवं असेल तर पोलीस पाटलांकडे जा, जन्ममृत्यूची वही त्यांच्याकडे असते. एवढं एक वाक्य, आणि त्यासाठी चार खेपा! अस्सा संताप आला होता.

मग दिवा स्टेशनला उतरून बांधावरून चालत एका गावी जायला लागले. पाटील भले गृहस्थ, वही लगेच काढून देत. पण त्यांच्या पडवीत पुरुषांची सारखी ये-जा, म्हणून वही उतरवायला मी शेजारी सुईणआजीच्या ओट्यावर बसायची. गावातली निम्मीअधिक बाळंतपणं या म्हातारीच्या हातची. मी लिहीत बसले की ती न विचारता चहा आणून ठेवायची. तिच्या सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. आजीला हल्ली नीट दिसत नव्हतं, हात कापायचे, आणि घरचंच बाळंतपण आपल्याच्यानं निभेल का, याचा तिनं धसका घेतला होता.

त्याच सुमाराला कचेरीतल्या एका साहेबांना माझ्या कामाचा पत्ता लागला. त्यांच्याकडे नर्सची एकच जागा आली होती आणि मागणी दोन गावांची, एक हे आणि एक आंबिवलीकडचं. "दोन्हीकडच्या वह्या बघून तक्ता करून द्या. जिथं जास्त मुलं दगावतात तिथं पाठवू," ते म्हणाले. मला काय, आभाळ ठेंगणं झालं. वर्षात जन्मलेली मुलं किती, वर्षाची होण्याआधी गेलेली किती, केला भागाकार. खाडीकाठचं गाव आंबिवलीच्या कितीतरी पुढं निघालं. तक्ता दिला आणि तडक आजीला येऊन सांगितलं.

"नर्सबाय येल? माजे सुनेचे बालंतपनाला?"

"येईल, आजी," मी छातीठोकपणे म्हटलं.

पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. तो आकडा मला बसू देईना. इतका मोठा कसा? एक दिवस पडताळा म्हणून आजीच्या थोरल्या नातवाचा जन्म वहीत शोधायला घेतला. नाही! पोरगं माझ्यासमोर ओट्यावर भाकरी चघळतंय आणि वहीत त्याचा मागमूस नाही. मी तणतणत पाटलांकडे निघाले, तशी आजी हसायला लागली.

"अगो बाय, पयला बालंतपन आयशीचे घरा. तिकरं लिवलाय त्याला."

"आणि गावच्या लेकी? त्या येत असतील ना इकडे?"

"त्यांना कोन आनतंय? बालंतिनीला गोडा पानी हाय कुटं?"

मी तिथंच हिशेब मांडला. सुना बाहेर बाळंत होत होत्या, लेकी आत येत नव्हत्या, आणि इथं परत आणलेली पोरं दगावली तर मात्र ती याच गावच्या वहीत. जन्म कमी, म्हणून आकडा फुगलेला.

पुढचे काही दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. गप्प बसले तर नर्स इथं येणार. बोलले तर आंबिवलीला जाणार. वडिलांना विचारलं. सगळा जन्म कारकुनीत गेलेला माणूस. "चूक कळली ना? मग दुरुस्त करायची. विचार कसला त्यात?" मी घरोघर जाऊन पहिलं मूल कुठं झालं एवढंच विचारलं, ते जन्म मिळवले, आंबिवलीलाही तसंच केलं. आकडा घसरला आणि आंबिवलीच्या खाली गेला. साहेबांनी पाठ थोपटली. नर्स आंबिवलीला गेली. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, हे कबूल करायला आज लाज वाटते.

आजीला तोंड दाखवायचा धीर होईना. बऱ्याच दिवसांनी गेले, तेव्हा सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. घरात पाळणा नव्हता.

"पाच दिस व्हता," आजी म्हणाली.

मी तशीच पाटलांकडे गेले आणि वही उघडली. त्या बाळाचा ना जन्म, ना मृत्यू. "कुणी कळवलंच नाही, बाई," पाटील म्हणाले. मी परत आले आणि आजीला विचारलं.

"बारसा नाय झाला. नाव नाय त्याला, काय लिवनार? बारसे आधी जाईल तो कोन लिवीत नाय."

"अशी आणखी आहेत?"

आजी सांगायला लागली. घर धरून, सून धरून, कुणाचं तिसऱ्या दिवशी, कुणाचं नवव्या. एकदाही अडखळली नाही. मी लिहीत गेले, चहा निवून गेला. आंबिवलीकडे काय असेल ते आंबिवलीलाच ठाऊक, पण इथली बेरीज माझ्या पहिल्या, चुकलेल्या आकड्याच्याही वर गेली. माझा तोल सुटला. मी अक्षरशः ओरडले, "आजी, हे आधी का नाही सांगितलंत? इतके महिने मी इथंच बसत होते ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर.

"तू मना इचारलास कवा?"