एका हाताने काढलेला फोटो

माझ्या नवऱ्याला फोटो काढून घेणं आवडत नसे. लग्नाकार्यात फोटोवाला दिसला की ते पंगतीत वाढायला लागायचे. त्यामुळे ते गेल्यावर घरात त्यांचे फोटो शोधायला बसलो, तर हाताशी फार थोडे लागले. त्यातल्या एका फोटोबद्दल मला लिहायचं आहे. तो मी मोबाईलवर काढलेला आहे, काष्टीच्या आठवडे बाजारात. ते कांद्याच्या ढिगाशी उभे आहेत, मागे विजेचा खांब आहे, आणि त्यांनी उजव्या हाताचा पंजा माझ्याकडे केला आहे. बोटं फोटोच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत आली आहेत. ओठ अर्धवट उघडे. ‘पुरे’ म्हणत होते.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा भिंतीवर कोणता फोटो लावायचा हा प्रश्न निघाला. मुलाने एक तयार करून आणला होता. श्रीगोंद्यातल्या स्टुडिओवाल्याने ओळखपत्रावरचा चेहरा मोठा केला होता, मागे निळं आभाळ टाकलं होतं आणि अंगात काळा कोट घातला होता. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कोट घातला नाही. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी, दिवसभर उसाच्या बांधावरून फिरायचं, तिथे कोटाचं काय काम?

“त्यात पप्पा साहेब दिसतात,” मुलगा म्हणाला.

“मला बाजारातला लावावासा वाटतो.”

“आई, त्यात ते ओरडतायत. लोक काय म्हणतील?”

वाद घालण्याइतकी माझी मला खात्री नव्हती. तो फोटो चांगला होता, की तो काढतानाची सकाळ मला आठवत होती म्हणून चांगला वाटत होता, हे मला कळेना. मी शाळेत मराठी शिकवलं, पुढे शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. मुलांचे निबंध तपासताना ओळखीच्या मुलाचा निबंध हाती आला की मी नाव झाकून वाचत असे. या फोटोत झाकायचं काय? चेहराच तर सगळा फोटो होता.

आमचा श्रीगोंद्यात फोटो काढणाऱ्या हौशी लोकांचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा एका मेडिकल दुकानाच्या माडीवर जमतो. मोबाईलवर सगळंच चांगलं दिसतं, म्हणून प्रत्येकाने कागदावर छापलेला फोटो आणायचा असा नियम. दुसरा नियम दुकानाच्या मालकांनी घातलेला. त्यांचे वडील काष्टीच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचे. चांगला व्यापारी बैल विकताना त्याची खोड आधी स्वतः सांगतो: मारतो, बुजतो, औतात बसतो, जे असेल ते. मग गिऱ्हाईक बैलाकडे बघतं. तसंच आमच्याकडे. फोटो टेबलावर ठेवायचा, आणि ज्याचा आहे त्याने आधी त्याची खोड सांगायची. मग बाकीच्यांनी उरलेल्या काढायच्या. कौतुक वेळ उरला तर.

वेळ सहसा उरत नसे. माझ्या एका फोटोला मेडिकलवाले म्हणाले होते, “मॅडम, यात म्हैस आहे, तळं आहे, सूर्य आहे, तुमच्या मिस्टरांची मोटारसायकल आहे. आता एवढंच सांगा, फोटो कशाचा आहे?” घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मिस्टर म्हणाले, “मोटारसायकलचा. तीच एक नीट उभी आहे.”

ते गेल्यानंतर काही महिन्यांनी मी पुन्हा माडीवर जायला लागले, आणि माझ्या फोटोंमधल्या खोडी अचानक संपल्या. वाळत घातलेल्या मिरच्यांचा एक फोटो मी मुद्दाम हललेला नेला. “यातली एकही मिरची स्पष्ट नाही,” मी खोड सांगितली. सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. “तरी रंग काय आलाय,” एक जण म्हणाला. मेडिकलवाल्यांनी चहा मागवला. शेजारच्या माणसाच्या फोटोची मात्र त्याच बैठकीत सालटी काढली. त्याचा मला हेवा वाटला.

मग मी काष्टीचा फोटो नेला आणि सांगितलं, “हा वाकडा आहे. खांब डोक्यातून उगवलाय. हात कोपऱ्यात चेपलाय.” एकाने नमस्कार केला, फोटोला. मेडिकलवाले बराच वेळ काच पुसत राहिले, स्वतःच्या चष्म्याची.

“तुम्ही तरी बोला,” मी म्हणाले.

“मॅडम, याच्यात काय बोलायचं? देवमाणूस होते.”

देवमाणूस! वर्षभर मी हे ऐकत होते. याच माणसाला ते जिवंत असताना तालुक्यात ‘फटकळ’ म्हणत आणि मेडिकलवाले स्वतः म्हणत, “तुमचे साहेब आले की मी दुकानातली बी.पी.ची गोळी आधी खातो.”

जिना उतरताना ते माझ्या मागे आले. “आमच्याकडून न्हाई व्हायचं हे,” हळूच म्हणाले. “संगमनेरच्या पुढं, अकोल्यात एक चित्रकलेचे निवृत्त सर आहेत. त्यांच्याकडेही लोक फोटो घेऊन जमतात. ते कुणाची भीड ठेवत नाहीत. आणि तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही.”

श्रीगोंद्याहून अकोले म्हणजे जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसरं गाठणं. आमच्याकडे ऊस आणि माळ, तिकडे डोंगर आणि भात. संगमनेरला भाची राहते, तिच्याकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळची एस.टी. धरली. पिशवीत एकच फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी पूर्वीसारखीच टिकली लावते, त्यामुळे माझ्याकडे बघून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. आणि मी ठरवलं होतं की कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मला लोकांची हळहळ नको होती, मत हवं होतं.

बैठक एका शाळेच्या वर्गात होती. सर उंच, वाळलेले, हातात पट्टी. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या. आणि भंडारदऱ्याला पर्यटकांना नेणारा एक जीपवाला, जो काजव्यांचे फोटो काढत असे. बाकीचे मागे बाकांवर. आधी जीपवाल्याच्या काजव्यांवर चर्चा झाली. “अंधार चांगला आलाय,” सर म्हणाले, “काजवे कुठे आहेत?” जीपवाला म्हणाला, “सर, ते काय माझ्या पगारावर हायेत का?”

मग माझा फोटो फळ्याच्या कडेला टेकवून ठेवला.

सर जवळ आले, लांब गेले. “किती वाकडा काढलाय हो,” ते म्हणाले. मला एकदम मोकळा श्वास घेता आला.

“त्यो खांब पडतोय का हुबा हाय?” जीपवाल्याने विचारलं.

“उभा आहे.”

“मंग तुमी पडत हुता.”

वर्ग हसला. मीही हसले. सरांनी पट्टी खांबाला लावून पाहिली. “एका हाताने काढलाय का?”

“हो. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती.”

“हे कोण?”

“आमचे मिस्टर.”

“मग पिशवी त्यांच्याकडे द्यायची ना,” सिस्टर म्हणाल्या. “दोन्ही हात मोकळे दिसतायत त्यांचे.”

“ते कांदे पारखत होते.”

“पारखतात कुठे, रागावतायत.”

“रागावलेले न्हाईत,” जीपवाला म्हणाला. “त्यांचं डोळं बघा. हसू दाबलंय. आमचा थोरला भाऊ आसंच करतो. हात वर आन हसू आत.”

“मला तर रागच दिसतो,” सिस्टर म्हणाल्या. “असे पेशंट आमच्याकडे येतात. सुई बघितली की असाच हात.”

त्यांचं जुंपलं. मी बाकावर बसून ऐकत होते. वर्षभरात पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याबद्दल कुणी वाद घालत होतं. एक जण म्हणाला माणूस हेकट दिसतो. दुसरा म्हणाला, हेकट नाही, घाईत आहे. ही माणसं त्यांना भेटलेली नव्हती, आणि तरी जवळपास सगळं बरोबर सांगत होती.

सरांनी वाद थांबवला. “माणूस नंतर. आधी फोटो. हा सरळ करता येईल. पण फोटो फिरवला की कोपरे कापले जातात. इथली बोटं जातील.” त्यांनी पट्टीने कोपरा झाकला. “जाऊ द्यात. बोटांशिवाय फोटो नीटनेटका होईल.”

“सर, बोटं गेली तर राहिलं काय?” सिस्टर म्हणाल्या. आता त्या फोटोच्या बाजूने बोलत होत्या. “कांदे?”

“वाकडा फोटो भिंतीवर लावणार का तुम्ही?”

“त्याच विचाराने आणलाय,” मी म्हणाले.

सर माझ्याकडे वळले. “मग सोपं आहे. पुढच्या बाजाराला त्याच जागी जा. पिशवी खाली ठेवा. त्यांना खांबापासून दोन पावलं बाजूला उभं करा, आणि दोन्ही हातांनी परत काढा.”

सल्ला अगदी बरोबर होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “ते आता उभे राहायचे नाहीत.”

“हट्टी आहेत?”

“फार.”

सर हसले. “दिसतंच आहे. मग आहे त्यातच काय ते ठरवावं लागेल तुम्हाला. माझ्या मते फोटो नापास. पण फेकू नका.”

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी फोटो पुन्हा पाहिला. हसू दाबलेलं होतं का? मला आठवत होता तो त्यांचा आवाज, “पुरे, भाजी सुकली.” चेहरा मी त्या क्षणी पाहिलाच नव्हता, मी पडदा बघत होते. जीपवाल्याने सांगेपर्यंत डोळ्यांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. डोळ्यांच्या कडांना खरोखरच बारीक सुरकुत्या होत्या. उन्हाने पडलेल्या की हसण्याने, हे मात्र फोटो सांगत नाही.

घरी आल्यावर मी मोबाईलवर फोटो सरळ करून पाहिला. बोट सरकवलं की खांब हळूहळू उभा राहतो. खांब ताठ झाला, कांद्याचा ढीग जमिनीवर आला, आणि डाव्या कोपऱ्यातली बोटं गेली. नुसतं मनगट उरलं, तेही कशाचं ते ओळखू न येणारं. गंमत अशी की बोटं गेल्याबरोबर ते शांत दिसायला लागले. बाजारात उभा असलेला, काहीतरी आशीर्वादाचं बोलणारा एक भला गृहस्थ. कोट तेवढा नव्हता.

मी पुन्हा बोट उलटं सरकवलं. खांब कलला, हात परत आला, आणि ‘पुरे’सुद्धा. असं मी बऱ्याचदा केलं. फोटो नापास होता, हे आता मला पटलं होतं. आणि ते पटल्यावरच मला ठरवता आलं. चांगला आहे म्हणून लावायचा नव्हता, त्यामुळे चांगलं असण्याचं ओझं त्याच्यावरून उतरलं.

मुलाला सांगितलं, कोटातला पूजेला चौरंगावर ठेव, भिंतीवर हा. खिळा त्यानेच ठोकला.

वर्षश्राद्धाला प्रवचन झालं, जेवणं सुरू झाली. नणंदबाई ताट ठेवून उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन फ्रेमचा कोपरा वर उचलायला लागल्या.

“वहिनी, फोटो वाकडा लागलाय.”

“फ्रेम सरळ आहे. फोटोच वाकडा आहे.”

त्यांनी फ्रेम सोडली, मान तिरकी करून पाहिलं. “आणि हात असा काय केलाय दादाने?”

“पुरे म्हणत होते. मला.”

नणंदबाई पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. “अगं बाई! मला फोनवर असाच म्हणायचा. आई गेल्याचं मी रडत सांगत होते तेव्हासुद्धा. पुरे म्हणाला, आणि ठेवला फोन. अर्ध्या तासात दारात हजर.”

पंगतीत त्यांच्या कामावरच्या ओळखीचे एक शेतकरी बसले होते. ते जेवता जेवता म्हणाले, “आमाला बांधावर ह्योच हात. ‘बास, कळलं’ म्हनायचे. आन न्हाई कळलेलं हुतं, वैनी! माझ्या उसाची नोंद पार दुसऱ्याच गटात टाकली. मी भांडाया गेल्तो, तर मलाच लई बोलले. मंग गपचूप येऊन दुरुस्ती करून गेले.”

वर्षभर या घरात त्यांच्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. आता एकाचं ऐकून दुसरा सांगायला लागला. कुणाला कसं झापलं, कुणाच्या लग्नात कसे रुसले. देवमाणूस हा शब्द त्या दुपारी कुणी काढला नाही. मी वाढत होते आणि कान सगळे त्या बोलण्याकडे होते. काही गोष्टी मलाही माहीत नव्हत्या.

गर्दी ओसरल्यावर मुलगा फोटोसमोर उभा राहिला. मेडिकलवाले निघता निघता त्याच्या शेजारी थांबले.

“आई,” मुलगा म्हणाला, “खरं सांगू? तो खांब डोक्यातून निघालाय. फार वाईट दिसतो.”

“खांबाचं एक वेळ चालेल,” मेडिकलवाले म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता पुन्हा लावला. “कांदे केवढे आलेत! मॅडम, अर्धा फोटो कांद्यांचा आहे. मागेच सांगायला हवं होतं.”

“मग सांगा की,” मी म्हणाले. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. “अजून काय?”