लिहायचा भाव, घ्यायचा भाव

सरकारी कचेरीत आकडे वर जातात आणि किस्से खालीच राहतात. आमच्या कल्याणच्या कचेरीत ते इतके साठले की चार मित्र जमले की कुठला आधी सांगू असं होतं. दुसऱ्याचे किस्से स्वस्थ बसून ऐकणं मला कधी जमलं नाही, तेव्हा मीच सुरू करतो.

देश नुकताच स्वतंत्र झालेला. आपण किती गरीब, आणि बाकीच्या देशांच्या शेजारी उभं केलं तर किती गरीब, हे सरकारला मोजायचं होतं. त्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागात दोन तपासनीस होते, मी आणि दामले. आमच्या डोक्यावर प्रधानसाहेब. घरोघरी जायचं, माणसं किती, कमावतात किती, आठवडाभर खातात काय, हे एका लांबलचक फॉर्मात भरायचं.

दामले कायम, मी हंगामी. दर तीन महिन्यांनी माझ्या मुदतवाढीचा कागद यायचा, किंवा यायचा नाही. डोंबिवलीला एका खोलीत आई, बायको मालती आणि लहान मुलगी. कागद येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. साहेबांनी एकदा स्वच्छच सांगितलं, "देवधर, या पाहणीतला एकही फॉर्म वरून परत आला नाही, तर तुम्हाला कायम करा म्हणून लिहितो. एक जरी आला, तर मी काही करू शकणार नाही."

त्या दिवसापासून मला फॉर्मशिवाय दुसरं काही सुचेना.

*

पहिलंच घर ठाण्याला. घरात एक शिक्षक, त्यांची बायको आणि दोन मुलं. सात दिवस रोज जाऊन काय शिजलं ते लिहायचं होतं. सोमवारी श्रीखंड. मंगळवारी बासुंदी. बुधवारी पुरणपोळी! शिक्षकांचा पगार मला ठाऊक होता, त्यात हे बसेना.

शेवटी मी विचारलं, "वहिनी, रोज असंच असतं का हो?"

"छे हो! पण तुम्ही लिहून दिल्लीला पाठवणार ना? मग काय पिठलं-भात लिहायचा? घराण्याची काही अब्रू आहे की नाही?"

फॉर्म बघून साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, ठाण्याचे मास्तर आठवडाभर श्रीखंड-बासुंदी खातात असं छापून आलं, तर आपल्याला परदेशातून गहू कोण देईल?" मी ते घर पुन्हा केलं, यावेळी न सांगता सकाळी जाऊन.

*

महिन्यातून एकदा भाव गोळा करायचे. नियम असा की दुकान तेच, माल तोच, प्रत तीच. डोंबिवलीला स्टेशनजवळ एक किराणावाले शेठ होते. रेशनिंगचे दिवस. मी वही उघडून विचारलं, "शेठ, मध्यम तांदळाचा भाव?"

शेठनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुठला देऊ? लिहायचा की घ्यायचा?"

मी लिहायचा लिहिला. मग पिशवी पुढे केली आणि घ्यायचा दिला! त्या महिन्यात आमच्या तक्त्यात महागाई उतरली होती. साहेब खूश झाले आणि मी घरी अर्धीच पिशवी घेऊन गेलो. मला दोन दिवस चैन पडलं नाही, पण वहीत खाडाखोड करायची छाती झाली नाही.

*

मग एकदा परदेशातून एक तज्ज्ञ आले. उंच, किडकिडीत, भले गृहस्थ. वेगवेगळ्या देशांत तेवढ्याच पैशात माणसाला काय काय मिळतं, याची ते तुलना करत होते. त्यांच्या यादीत पाव, लोणी, लोकरीचे हातमोजे आणि खोली उबदार ठेवायचा कोळसा! दामले म्हणाला, "साहेब, आमच्याकडे खोली फुकट उबदार असते. हे आमच्या बाजूने धरा."

त्यांना खेडं बघायचं होतं म्हणून खडवलीला नेलं. अंगणात एक म्हातारी भात पाखडत होती. दामले दुभाषा. महिन्याचं उत्पन्न किती?

"पैशे नाय येत बाबा. भात येतो."

सरपणाला किती लागतात?

"रान हाय ना! इकत कोन घेतो?"

भाजी परसातली, मासे नदीचे, दूध शेजारणीचं. तज्ज्ञांनी पानभर गणित केलं, पुन्हा केलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की या हिशेबाने ही बाई जिवंत असणं शक्य नाही.

दामलेनं तेही भाषांतर करून सांगितलं! म्हातारी खो खो हसली. आत जाऊन तिनं तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी आणून पाहुण्यांच्या हातावर ठेवली. "खा रं बाबा. तुज्या मुलखात यवढं पैशे, मंग तू असा वाळका कसा?"

*

उत्पन्नातली तफावत काढायची तर श्रीमंत घरंही हवीत. ठाण्याला तलावाकाठी एका बंगल्यात गेलो. मालक झोपाळ्यावर. उत्पन्नाचा आकडा विचारताच त्यांचा चेहरा पडला. "कसलं हो उत्पन्न? चाललंय कसंबसं." आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो माझ्या पगाराहून कमी.

मागच्या खोलीत त्यांचा स्वयंपाकी राहायचा. पाहणीच्या घरांच्या यादीत तोही निघाला. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि व्याही नेमके तिथेच बसलेले! गड्याने छाती काढून असा दणदणीत आकडा सांगितला की माझा टाक अडखळला.

दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून साहेबांनी आकडे ताडून पाहिले. मग म्हणाले, "देवधर, विषमता घालवायला लोकांनी क्रांत्या केल्या. तुम्ही एका दुपारी घालवलीत!"

*

विठ्ठलवाडीच्या पलीकडे निर्वासितांची छावणी होती. बराकीत एक सिंधी बाई पापड लाटत होती. मी विचारलं, घरात मिळकत किती?

तिनं मान वर न करता विचारलं, "कहाँ की? यहाँ की या वहाँ की?"

मी म्हटलं, इथली.

"वहाँ की लिखो ना साहब," ती म्हणाली. "वो ज़्यादा है."

फॉर्मात त्याला रकाना नव्हता. मला फार वाईट वाटलं. दिलेला पापड खिशात घालून मी भराभरा पुढच्या बराकीकडे गेलो.

*

पाहणी संपली आणि तपासणी सुरू झाली. पद्धत अशी की नाव, पत्ता, धंदा असलेलं पहिलं पान साहेबांच्या कपाटात बंद. आतली पानं फक्त नंबरावर. दामलेची पानं मी तपासायची, माझी त्यानं. माझ्या हातात लाल पेन्सिल आणि डोक्यात साहेबांचं ते वाक्य. वरून एकही फॉर्म परत येता कामा नये!

दामलेच्या एका फॉर्मात मला चूक सापडली. माणसं चार. सकाळी जेवणारी चार, संध्याकाळी जेवणारी तीन. एक दिवस नव्हे, सातही दिवस. मी समासात ठणकावून लिहिलं, "चौथे माणूस संध्याकाळी कोठे जेवते? खुलासा करावा."

दामलेनं ते वाचलं. माझ्याकडे बघितलं. "राहू दे ना रे, देवधर."

"राहू दे काय? तुझं काय जातंय, तू कायम आहेस! हा वरून परत आला तर माझी बायकापोरं काय खातील?"

खाली मान घालून त्यानं चार ओळी लिहिल्या, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि छत्री घेऊन बाहेर निघून गेला.

"खुलासा : घरच्या बाई संध्याकाळी जेवत नाहीत. विचारले असता उपवास असल्याचे सांगतात. यजमान या पाहणीच्याच कामावरून उशिरा घरी येतात. 'माझं मघाशीच झालं' असे त्यांना सांगण्यात येते. यजमानांची नोकरी कायम होईपर्यंत असेच चालणार, त्यांना कळवू नये, असे बाई म्हणाल्या."

मी लाल पेन्सिल उचलली. खाली 'खुलासा मान्य' असं लिहिलं आणि सही केली.