कापताना तीन बोटं

उमरग्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी मला माझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली. तिसरं ओठाशी थांबलं. डाव्या गालाच्या आत तुरीच्या डाळीएवढा पांढरा चट्टा होता. तो त्यांनी आरशात दाखवला आणि म्हणाले, "तंबाखू आजपासून बंद. चाळीस दिवसांनी या. चट्टा असाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

कशासाठी, हे ते बोलले नाहीत. वर्तमानपत्राच्या डेस्कवर तेवीस वर्षं आरोग्याच्या बातम्या तपासल्यावर ते विचारावं लागत नाही.

तेवीस वर्षांत तंबाखूची वेळ ठरून गेली होती. पहिली कॉपी हातात आली की एक चिमूट, मथळा अडला की दुसरी, पान सुटलं की तिसरी. धाराशिवच्या आमच्या कार्यालयात जिन्याखालीच पानटपरी आहे. तिथे राहून चाळीस दिवस निघणार नाहीत हे मला ठाऊक होतं. रजा टाकली आणि उमरग्यालाच थोरल्या बहिणीकडे राहिलो.

आक्काचं घर महामार्गापासून दोन गल्ल्या आत आहे. हैदराबादकडे जाणारे ट्रक दिसत नाहीत, पण घरातल्या भांड्यांना ते कळतात. घरात त्या वेळी आक्का आणि तिच्या सासूबाई, दोघीच होत्या. सासूबाईंना मी मावशी म्हणतो, आक्का आत्याबाई म्हणते. त्या मला पाव्हणं म्हणतात. आक्का वाकळ शिवते. पुण्याची एक बाई तिच्याकडून वाकळी घेते, पण फोनवर ती 'गोधडी' म्हणते. या खेपेला तिने मोबाइलवर एक फोटो पाठवला होता. बारीक बारीक चौकोनांची, जुन्या चालीची गोधडी हवी होती.

"आपल्या आईची अशीच हुती," आक्का म्हणाली. "फाटली तवा आपुन फेकून दिली. आता ह्यांना तसलीच नवी पायजे."

पहिल्या आठवड्यात मला काहीच धरवेना. पेपर उलगडायचो, पहिल्या पानावरची चूक सापडली की ठेवून द्यायचो. बसस्टँडपर्यंत जायचो, तिथल्या टपरीचा वास आला की वळायचो. मग दुसऱ्या रस्त्याने जायचो, तिथेही टपरी असायची. जेवायला बसलो की तिखटाने गाल पेटायचा, म्हणून उठायचो. उठल्यावर कुठे जायचं ते माहीत नसायचं. खुर्चीवर बसलो की डाव्या तळव्यावर उजवा अंगठा आपोआप फिरायला लागायचा.

हे पहिल्यांदा मावशींनी पाहिलं. त्या भिंतीला टेकून स्वतःची तंबाखू मळत होत्या. त्यांच्या कमरेला कापडाची चंची असते, तीन कप्प्यांची: पहिल्यात तंबाखू, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात चुन्याची डबी.

"पाव्हणं, रिकामंच मळायलाव की!"

"सवय आहे, मावशी. तुम्ही कधी सोडणार?"

"माझ्या तोंडात दातच न्हायत. रोग यायचा म्हनला तर बसंल कुठं?"

आक्का आतून म्हणाली, "त्याच्या हातात काय तरी द्या बरं. न्हाय तर तळव्याचं कातडं काढतंय त्ये." आणि शिंप्याकडून आणलेल्या कातरणाचं एक पोतं तिने माझ्यासमोर ओतलं.

पद्धत साधी होती. कातरणातून चौकोन कापायचा, चारही कडा आत मुडपायच्या, आणि मग ते चौकोन जोडून ओळी करायच्या. माप आक्काने एका वाक्यात सांगितलं: "कापताना तीन बोटं, मुडपल्यावर दोन."

"बोटं कुणाची?"

"कुणाची म्हंजे? माझी. वाकळ कोन शिवायलंय?"

मी तिची तीन बोटं टेबलावर ठेवून घेतली आणि स्टीलच्या पट्टीने मोजली. बरोबर पाच सेंटिमीटर भरली. त्या मापाचा पुठ्ठा कापला आणि दोन दिवस पुठ्ठ्याबरहुकूम चौकोन कापत राहिलो. काम अचूक होतं. एकही चौकोन दुसऱ्यापेक्षा सूतभर लहान-मोठा नव्हता. या दोन दिवसांत मी बसस्टँडकडे गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी आक्काने माझ्या चाळीस चौकोनांची एक ओळ जोडली आणि स्वतःच्या ओळीशेजारी ठेवली. माझी ओळ पाच बोटं लांब भरली.

आम्ही दोघांनी ती पुन्हा मोजली. मग आक्काने पुठ्ठा उचलला, त्यावर बोटं ठेवली आणि हसत सुटली. टेबलावर मोजून घेताना तिने बोटं सैल ठेवली होती. कापताना ती एकमेकांना आवळून ठेवते. फरक दोन मिलिमीटरचा होता. चाळीस वेळा केला की त्याची पाच बोटं होतात.

"तुझी पट्टी शहाणी हाय रे," आक्का म्हणाली. "पर माझं बोट तिला कळलंच न्हाय."

सगळे चौकोन पुन्हा कापले. मुडपायचं कामही माझ्याकडे आलं, आणि तिथे एक गोष्ट उलटी घडली. इस्त्री न लावता माझी घडी आक्काच्या घडीपेक्षा कडक बसत होती. चौकोन डाव्या तळव्यावर ठेवायचा, कड आत घ्यायची आणि उजव्या अंगठ्याने दाबून ओढायची. आक्का थोडा वेळ पाहत राहिली.

"आत्याबाई, बघा, ह्यो चौकोन मळायलाय."

"मळन्यात जल्म गेलाय त्येचा," मावशी म्हणाल्या. "घडी बसनारच की."

रोज सकाळी आरशासमोर मी बोटं घालून पाहायचो. दोन. दिवसभर चौकोन मुडपायचो. तेही दोन. हा योगायोग आहे हे मला समजत होतं, तरी दुपारपर्यंत मी कितीदा तरी उठून आरशाकडे जायचो.

सव्विसाव्या दिवशी दुपारी आक्का गिरणीवर गेली होती. मावशींना डुलकी लागली होती. त्यांची चंची कमरेतून सुटून चटईवर पडली होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी ती उघडली. तंबाखू तळव्यावर घेतली, बोटाने चुना लावला आणि मळली. कचरा फुंकून टाकला. सगळं तयार झालं आणि फाटकाची कडी वाजली.

समोर एक पांढरा चौकोन पडला होता. तंबाखू त्यात ओतली, चौकोन मुडपला आणि तयार चौकोनांच्या डब्यात टाकला. आक्का पिठाचा डबा घेऊन आत आली.

मी तंबाखू तोंडात घातली नाही. हे इथे लिहितो, कारण त्या घरात त्यावर नंतर सहजी विश्वास बसला नाही. कडी वाजली नसती तर घातली असती, हेही लिहायला हवं.

संध्याकाळी आक्का स्वयंपाकाला लागल्यावर डब्यात हात घातला. पांढरे चौकोन कितीतरी होते, आणि सगळे माझ्याच हातचे, सगळ्यांची घडी सारखी. शोधायला लागलो की मावशी विचारायच्या, "काय हुडकायलाव, पाव्हणं?" मी म्हणायचो, मोजतोय. दुसऱ्या दिवशी आक्का डब्यातून मूठ मूठ चौकोन काढून ओळी जोडू लागली. मी तिच्या हाताकडे पाहत बसलो. उठावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो सापडला, पण आक्काला. चौकोन उलगडला आणि तिच्या मांडीवर तंबाखू सांडली. पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग पडला होता, मधोमध चुन्याचा पिवळा ठिपका. तिने नाकाशी नेऊन वास घेतला.

"खाल्लीस?"

"नाही."

"मंग हे?"

"मळली होती. तेवढ्यात तू आलीस."

"खोटं बोलू नको माझ्यासंगं."

"कडी वाजली, आक्का. नसती वाजली तर खाल्ली असती."

तिने मांडीवरची तंबाखू झाडली. बहुधा दुसऱ्या वाक्यामुळे तिला पहिलं पटलं असावं. "मंग रोज सकाळी त्या कडीला नमस्कार करत जा," ती म्हणाली.

मावशी चंची चाचपत म्हणाल्या, "इचारायचं तरी, पाव्हणं. म्या काय न्हाय म्हनले असते व्हय?"

"म्हनूनच!" आक्का उठली. तिने सासूच्या हातातून चंची काढून घेतली. इतक्या वर्षांत असं तिने केलेलं मी पाहिलं नव्हतं. "ह्याचे चाळीस दिस भरंस्तवर चंची माझ्यापाशी ऱ्हाईल, आत्याबाई. तुमाला लागंल तवा मागा. मागच्या दारी जाऊन खावा."

"अगं, माझ्या तोंडाला काय झालंय?"

"काय न्हाय. बसा दोघं मळत."

त्यानंतरचे दिवस मावशी आणि मी समोरासमोर बसून चौकोन मुडपत होतो. त्यांची घडी माझ्यापेक्षाही कडक बसत असे. दर तासाला त्या सुस्कारा टाकायच्या, मी उठून आरशाकडे जाऊन यायचो, आणि आक्का दोघांकडेही न बघता टाके घालत राहायची. वाकळ बाहेरच्या कडेपासून आत शिवत नेतात. माझ्या चाळिसाव्या दिवशी मधला हातभर भाग राहिला होता.

डॉक्टरांनी पुन्हा बोटं घालायला लावली. दोन गेली, तिसरं नखापर्यंत गेलं. चट्टा फिका झाला होता पण होता. त्यांनी सुई टोचून गाल बधिर केला, डाळीएवढा तुकडा काढला आणि एक टाका घातला. अहवालाला आठ दिवस लागतील म्हणाले.

त्या आठ दिवसांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. पुण्याची गोधडी पूर्ण झाली आणि गेली. चौकोन संपले. चाळीस दिवस भरले तरी चंची आक्काच्याच कमरेला होती. आक्काने कुणी न सांगता कातरणाचं दुसरं पोतं आणलं.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला. तुकड्यात सध्या वाईट काही नव्हतं. तंबाखू पुन्हा सुरू केली तर ते काही सांगू शकत नव्हते. गाल आतून आवळला आहे, तोंड पूर्ण उघडेल याची खात्री देता येत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

घरी आलो. कडी वाजली तशी आक्काने सुई थांबवली. 

"किती बोटं?"

"दोन. तिसरं नखापुरतं. पण कागद चांगला आहे."

तिने दोरा दाताने तोडला. "बरं मंग. मुडपलेलं हाय म्हनायचं."

"चांगला हाय न्हवं?" मावशी भिंतीपासून सरकत म्हणाल्या. "मंग माझी चंची आन आता."

आक्काने कमरेची चंची सोडून त्यांच्यापुढे टाकली. मावशींनी तिथेच बसून चिमूट काढली, चुना लावला, मळायला सुरुवात केली. वास खोलीभर झाला. माझा अंगठा डाव्या तळव्यावर फिरायला लागला होता. मी डबा पुढे ओढला, एक तांबडा चौकोन घेतला आणि त्याची पहिली कड आत घेतली.