मस्कत लांब न्हाय

सलीमचाचांकडे चहाला बसलेल्या माणसाला मुंबई ते मस्कत किती अंतर आहे, हे ऐकून घ्यावंच लागे. "पंधराशे किलोमीटरच्या थोडं वर. विमानाला पावणेतीन तास." धामणकर नाक्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांचे कापड विणायचे लूम होते. त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, ती लूम विकल्यावरही सुटली नव्हती. त्यामुळे मस्कतचं अंतर सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी शबाना लग्न होऊन मस्कतला गेली होती. चाची डोळे पुसू लागल्या की चाचा म्हणायचे, "रत्नागिरीत दिली असती तर जायला रात्र गेली असती. ही तर पावणेतीन तासांवर हाय." शबाना माहेरी यायला निघाली की ते मोबाइलवर तिचं विमान बघत गल्लीत फेऱ्या मारायचे आणि दिसेल त्याला सांगायचे, "आता दर्यावर हाय." स्वतः मात्र ते कधी विमानात बसले नव्हते. शबाना बोलवायची, तेव्हा म्हणायचे, "येईन की. लांब थोडंच हाय?"

गेल्या थंडीत शबानाला निमोनिया झाला आणि चार दिवसांत तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. चाचींचा पासपोर्टच नव्हता. चाचांचा व्हिसा सकाळी आला, दुपारचं तिकीट मिळालं आणि मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन निघालो. हायवेवर माणकोलीजवळ कंटेनर उलटला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक. गाडी वळवायलाही जागा नव्हती.  चाचा मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी धरून बसले होते.

आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद झाला होता. मी तिथल्या मुलीच्या विनवण्या करत असतानाच जावयाचा, इरफानचा फोन आला. शबाना गेली होती.

"अब्बा, तुम्ही उद्याच्या विमानाने या," तो रडत म्हणाला. "तोवर दफन थांबवतो. इथं ठेवायची सोय आहे."

चाचांनी डोळे मिटले. 

"नको, बेटा," ते म्हणाले. "तिला तसल्या थंड पेटीत ठेवू नको. आजच माती दे."

"चाचा, उद्या पोचाल तुम्ही," मी म्हणालो. "चेहरा तरी दिसेल."

"मला दिसेल रे, सुनील. पण त्यासाठी तिला रात्रभर तशी ठेवायची?"

घरी पोचलो तेव्हा बातमी आमच्या आधी आली होती. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. दफन थांबवू नका, असं चाचांनीच सांगितल्याचंही त्यांना कळलं होतं.

"मला विचारलं न्हाय तुमी," त्या म्हणाल्या. "मला तर जाता येत नव्हतं. माझ्या वाटणीचं तोंड तुमी बघून आला असता."

 चाचांना आत जायचंही सुचलं नाही. पायांत बूट तसेच ठेवून ते उंबऱ्यावर बसले. गल्लीतल्या बायका चाचींना भेटायला येऊ लागल्या. प्रत्येकीला वाट द्यायला चाचा उठून बाजूला व्हायचे, आणि ती आत गेली की पुन्हा तिथेच बसायचे.