गिरणीपर्यंत चालत नेलेला इतिहास

श्रीमती शांताबाई हिरेमठ यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भर रस्त्यात, हातात छत्री घेतलेल्या. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी सोलापुरातल्या एका प्राथमिक शाळेत बदली शिक्षक म्हणून हजर व्हायला निघालो होतो. पुढे चौथीची चाळीसेक मुलं रांगेनं, मोठमोठ्यानं आकडे म्हणत चालली होती आणि मागे बाई सायकलवाल्यांना थांबवत होत्या. मला वाटलं, लस टोचायला नेत असतील. शाळेत विचारलं तेव्हा कळलं की इतिहासाचा तास चालू आहे.

बाईंची रीत अशी होती. शाळेचं फाटक म्हणजे आजचा दिवस, आणि तिथून एक पाऊल म्हणजे एक वर्ष मागे. नवव्या-दहाव्या पावलावर मुलांचा स्वतःचा जन्म येई आणि हशा पिके. तिसाच्या पुढेमागे आई-वडील, साठाच्या आसपास आजोबा. शंभरानंतर विणकरांच्या घरची मुलं नकळत तेलुगूत मोजू लागत. बाई हरकत घेत नसत, त्यांच्या स्वतःच्या घरी कानडी होतीच. तीनशेच्या जवळपास शिवरायांचा काळ, आणि तिथे होती पिठाची गिरणी. गिरणीवाले मामा पांढऱ्याफटक मिशांनी बाहेर येऊन सगळ्यांना पाणी देत.

बाई हिशेबाला मात्र फार कडक. एकदा एका मुलानं कंटाळून चार पावलांची एकच उडी मारली. बाईंनी सगळी रांग उन्हात फाटकापाशी परत नेली. त्याला रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “मधल्या वर्षांतबी माणसं जगलीयत की. त्यांच्यावरनं उडी मारून जायचं नाही.” इतिहास या विषयावर मी पुढे पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण एवढं सरळ मला कुणी सांगितलं नाही.

तेव्हा मात्र मला हा सगळा पोरखेळ वाटे. माझ्या तिसरीच्या वर्गात मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणत आणि मी छाती फुगवून ऐकत असे. मुख्याध्यापकांनाही बाईंचं हे फिरणं पसंत नव्हतं. तपासणी जवळ आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. शेरा वाईट पडला तर बाईंना पहिलीवर पाठवून चौथीचा इतिहास मला देणार, आणि मला कायम करण्याची शिफारसही करणार, असं ते म्हणाले. त्यासाठी बाई किती तास बाहेर घालवतात याचं टिपण हवं होतं. मी ते दोन पानी, वळणदार अक्षरात लिहून दिलं.

तपासणीचे साहेब चौथीत आले. मुख्याध्यापक आणि मी दाराशी उभे होतो. साहेबांनी पद्मा नावाच्या मुलीला विचारलं, शिवरायांचा राज्याभिषेक कुठे झाला? पद्मा ताडकन उठून म्हणाली, “गिरणीपाशी, साहेब.”

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. मला, खरं सांगतो, आनंद झाला. साहेबांनी मात्र कुठली गिरणी ते दाखवायला सांगितलं आणि वर्ग त्यांना घेऊन निघाला. साहेबही मोजत होते. पन्नासाच्या अलीकडे ते जरा थांबले, स्वतःशीच हसले आणि पुढे निघाले. गिरणीपाशी त्यांनी विचारलं, मग रायगड कुठे आहे? पद्मा म्हणाली, “रायगड लई लांब हाय साहेब, तिकडं डोंगरात. हितं फक्त त्याचं साल येतंय.” साहेबांनी तिची पाठ थोपटली.

परतल्यावर मुख्याध्यापकांनी माझं टिपण पुढे केलं. मुलं आठवड्यातून तीनदा रस्त्यावर असतात, हे वाचून साहेबांनी बाईंना खरंखोटं विचारलं. बाईंनी कागद मागून घेतला, शांतपणे पूर्ण वाचला. खाली माझी सही होती.

“तीनदा नाही साहेब, चारदा,” त्या म्हणाल्या. “गुरुवार राहिलाय ह्यांचा. बाकी जेवढं दिसलं तेवढंच लिहिलंय, पदरचं काही घातलं नाही. इतिहासाला असाच माणूस पाहिजे. चौथीच्या दुसऱ्या तुकडीला ह्यांनाच द्या की.”

बाईंची तुकडी बाईंकडेच राहिली. दुसरी तुकडी मला मिळाली आणि वर्षभरात मी कायम झालो. पहिला आठवडाभर माझी रांग निघाली की बाई आपल्या मधल्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून, छत्री घेऊन मागे येत. माझं लक्ष मोजण्यात, सायकलींकडे लक्ष त्यांचं. पुढे इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण त्या टिपणाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. त्यामुळे मीही गप्प बसलो.

बाई आता पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात गुण सांगायचे असतात, ते मी सांगितले. आता एक राहिलेलं सांगतो. बाई, त्या टिपणातला शब्द न् शब्द खरा होता, पण ते मी खऱ्यासाठी लिहिलं नव्हतं, तुमची जागा मिळावी म्हणून लिहिलं होतं. आज या सगळ्यांसमोर मी तुमची माफी मागतो. तुमचं शरीर धडधाकट राहो, आवाज असाच खणखणीत राहो आणि तुम्ही खूप वर्षं आमच्यात असा. हे मागण्यात माझा स्वार्थही आहे. एवढं बोलायला मी पार म्हातारा झालो, आणि तुमचं उत्तर मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.