व्हॅनच्या ब्रेकमधली हवा

तिसऱ्यांदा हवा काढून झाली तरी पेडल माझ्या पायाखाली उशीसारखं दबत होतं. आमचे हे व्हॅनखालून बाहेर आले, हात पुसले आणि नरेशला म्हणाले, "झालं. ने गाडी."

मी सीटवर बसूनच म्हटलं, "नाय झालं."

माझा आवाज मुळात लहान. कोणी ऐकलं नाही.

आमचं गॅरेज म्हणजे गडब गावात हायवेच्या कडेला घरापुढचं अंगण आणि त्यावर पत्रे. ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मला काही म्हणत नाहीत. पण ब्रेकचं काम एकट्याने होत नाही. ब्रेक तेलावर चालतो. पेडल दाबलं की नळीतलं तेल पुढे ढकललं जातं आणि चाकाजवळचा कॅलिपर, म्हणजे लोखंडी चिमटा, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळून धरतो. तेलात हवा शिरली की पाय नुसती हवाच दाबत बसतो, चाकापर्यंत जोर पोचत नाही. ती हवा काढायला एकाने वर पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने खाली कॅलिपरचं निपल सैल करायचं. निपल म्हणजे छोटी पोकळ तोटी. ती बंद व्हायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत जाते. लग्न झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, तो पाय माझा आहे. खालून "दाब" आलं की दाबते, "सोड" आलं की सोडते.

नरेश आमच्याच गावचा. त्याची व्हॅन इथल्या बायकांना रोह्याजवळ धाटावला कंपनीत दुपारच्या शिफ्टला नेते. माझी धाकटी बहीण रंजना गडबलाच दिलेली, तीही त्याच व्हॅनने जाते. रविवारी नरेशने घरीच ब्रेक खोलले. मोबाइलवर व्हिडिओ बघून पुढचे दोन्ही कॅलिपर काढले, घासले, त्यांना चंदेरी रंग मारला आणि परत बसवले. तेव्हापासून पेडल मऊ. बुधवारी दुपारी आमच्याकडे आला आणि म्हणाला, बाकी सगळं मी केलंय, हवा तेवढी काढून द्या.

मी पुन्हा म्हटलं, "पेडल खाली जातंय."

नरेश हसला. "वैनी, चाय कमी घेतली काय आज? मिस्त्री, बाईमाणसाच्या पायाला काय समजनार?"

हेही हसले. नरेशचं मला काही वाटलं नाही. ह्यांचं हसणं लागलं.

"उतरा, मी दाखवतो," नरेश म्हणाला. मी उतरले. तो बसला आणि धाडधाड चार वेळा पेडल दाबलं. "हे बघा. दगड झालाय."

ह्यांनीही हात लावून बघितलं. "हाय की टाइट."

तेवढ्यात रंजनाचा फोन आला. "ताय, अजून किती येळ? आमी नाक्यावर उन्हात उभ्या हाव. तीनला गेट गाठलं नाय तर खाडा मांडतात. सोड गो त्याला."

मी फोन ठेवला आणि मला भिसे खिंड दिसली. नागोठण्यापुढे रोह्याला जाताना लागते ती. व्हॅनमध्ये दहा बायका, उतार, वळण, समोरून ट्रक. लागोपाठ दाबलं की हवा तेवढ्यापुरती दबून पेडल कडक लागतं, पण तिथे चार वेळा दाबायला वेळ कोण देणार? माझं डोकं तापलं. मी खिडकीतून हात घातला आणि चावी काढून मुठीत धरली.

"ओ वैनी, हे काय?"

"पाय काढ. शंभर मोज. मग एकदाच दाब." गिऱ्हाइकाशी मी कधी अशी बोललेले नव्हते. "शंभरपर्यंत येतात ना? चौथी शिकलेय मी, मला येतात."

ह्यांनी डोळे वटारले. मी चावी दिली नाही. नरेश मोजायला लागला. साठाला थांबला.

"चाळीस राहिले," मी म्हटलं.

शंभर झाले. त्याने एकदा दाबलं. पेडल थेट चटईला टेकलं. आता कोणी हसलं नाही.

"वरचा, तेल ढकलनारा सिलिंडर गेला असनार," हे म्हणाले.

"अवो, तो गेला असता तर नुसतं दाबून धरलं तरी पेडल हळूहळू खाली गेलं असतं. मघाशी मी धरलं होतं, ते जागेवर थांबत होतं. हे हवेचंच हाय. निपलातून बुडबुडे येत नाहीत आणि पाय मला हवा सांगतोय. म्हणजे ती आत अडकलीय. पालथा तांब्या पाण्यात दाबला तर अडकते तशी. निपल कुठल्या अंगाला हाय ते बघा."

हे परत खाली गेले. खालून आवाज आला, "आयला, खाली हाय."

हवा वर चढते, म्हणून निपल कॅलिपरच्या माथ्यावर असावं लागतं. नरेशने उजवा कॅलिपर डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला होता. दोन्ही निपलं खाली गेली होती. खालून नुसतं तेल गळत राहिलं आणि हवा वर बसून राहिली. बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या मिस्त्रीने तीनदा निपल सोडलं आणि त्यालाही ते दिसलं नाही, कारण त्याने बघितलंच नाही.

"व्हिडिओत तर असंच..." नरेश सुरू झाला.

"व्हिडिओतला माणूस खिंड उतरनार हाय काय? दोन दिवस तू बायकांना असंच नेलंस?"

"सावकाश चालवत होतो, वैनी."

सावकाश! मी ह्यांच्याकडे वळले. "आणि तुमी म्हणालात, ने गाडी." गिऱ्हाइकासमोर नवऱ्याला बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. ह्यांनी मान खाली घातली आणि पाना उचलला.

कॅलिपरांची अदलाबदल करून ते जागच्या जागी बसवले. हवा काढताना निपलाखालच्या बाटलीत नुसते बुडबुडे उसळत होते. पेडल अर्ध्यावर यायच्या आतच लागलं आणि तिथेच राहिलं. मी शंभर मोजून परत दाबलं, तेव्हाही तिथेच. मग चावी दिली. साडेतीन वाजले होते.

दहाही बायकांचा खाडा झाला. रंजना संध्याकाळी अंगणात येऊन म्हणाली, "तुज्या पायापायी आमचा दिवस गेला." मी सगळं समजावलं. तिला पटलं नाही, आठ दिवस बोलली नाही. नरेश नाक्यावर सांगत फिरतो की मिस्त्रीची बायको डोक्याने गरम आहे. आहे.

आता शेवटचं निपल आवळलं की हे गाडीखालून विचारतात, "कसं लागतंय गो?" आणि माझं उत्तर येईपर्यंत बाहेर येत नाहीत.

घरी ब्रेक खोलायची हौस असेल तर एका वेळी एकच चाक खोला. दुसरं तसंच राहू द्या, म्हणजे त्याच्याकडे बघून जोडता येतं. आणि चार वेळा दाबून कडक झालेल्या पेडलला ब्रेक म्हणू नका.