तोंड न मिटणारं पेन

माझ्या शिवणकामाच्या खोलीच्या बरोबर वर ते राहतात. सगळी इमारत त्यांना कुलूप म्हणते. नाव मीच ठेवलंय, खोटं कशाला बोलू? जिन्यात भेटले की मान हलवतील, फार तर "हं" म्हणतील आणि तेवढ्यानंच दमल्यासारखे वर निघून जातील. आणि अशा माणसानं नोकरी कुठे करावी? तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. स्वतः करायचा होता तो एक फोन तेवढा केला नाही.

त्यांची बायको म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण. ती आजारी पडली तेव्हा मुलगी परगावी शिकत होती, परीक्षा तोंडावर आलेली. "तिच्या जिवाला कशाला घोर," असं बायको एकदा म्हणाली आणि यांनी ते धरून ठेवलं. आजार हाताबाहेर गेला तरी मुलीला कळवलं नाही. मुलगी आली ती सगळं संपल्यावर. दारातच म्हणाली, "बाबा, एक फोन करायचा होता." त्यावर माणसानं काहीतरी बोलावं की नाही? चुकलं म्हणावं, रडावं, काहीही. हे आपले फरशीकडे बघत उभे. पुढे मुलगी तिकडेच नोकरीला लागली आणि तिनं येणं सोडलं.

एके दिवशी वरून घरघर सुरू झाली. छताचा पोपडा सुटून माझ्या पांढऱ्याशुभ्र कापडावर पडला. मी तरातरा वर गेले. बघते तर बायकोच्या ओट्याशेजारी टेबल, टेबलावर जुनं छोटं लेथ आणि हे नखशिखांत भुशात.

"भाऊजी, काय मांडलंय हे?"

"पेन."

"पेनं दुकानात मिळतात."

"मुलीसाठी," ते म्हणाले. मग भुसा झटकत, "ती येणार आहे. ट्रंक न्यायला."

ते मला ठाऊक होतं. आईची ट्रंक घेऊन जाईन, असा निरोप मुलीनं माझ्याकडेच दिला होता. ट्रंक गेली की तिला या घरात यायला काही कारणच उरणार नव्हतं. ती यायच्या आत हे पेन त्यांना हवं होतं. जिभेनं जमत नाही ते हातानं करायला निघाले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण आवाज मी चढाच ठेवला. आपली एक पत असते.

पेनाचं सगळं सामान तयार मिळतं म्हणे. पितळेच्या दोन नळ्या, टोक, क्लिप आणि पिळलं की रिफिल आतबाहेर करणारी एक फिरकी. लाकडाला आरपार भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची, लेथवर फिरवत लाकूड तासायचं आणि भाग दाबून बसवायचे. ऐकायला सोपं. यांनी ड्रिल एका दमात घुसवलं, लाकूड तापून उभं चिरलं. पुढच्या वेळी गोंद इतका झटपट धरला की नळी अर्ध्यात अडकली आणि तिला यांचं बोटही चिकटलं. माझ्याकडे आले बोट पुढे करून, नळीसकट. नेलपॉलिश काढायच्या औषधानं सोडवलं मी, आणि हसूही दाबलं नाही.

तासताना तर रोज भांडण. पटाशी लावली की ती लाकडात रुतायची आणि तुकडा उडून भिंतीवर. शेवटी तळमजल्यावरचे सुतार वर आले. म्हणाले, "काका, खुपसू नका. आधी पटाशीची पाठ टेकवा, मग हळूच धार लाकडाला भिडवा. घाई लाकडाला कळते." हे "हं" म्हणाले. पण त्यानंतर तुकडे उडायचे कमी झाले.

मग त्यांनी माळ्यावरून स्टूल काढलं. मुलगी लहानपणी त्यावर उभी राहून दात घासायची. तीन पायांना कीड लागलेली. एकच पाय धड, त्यात एकाच पेनापुरतं लाकूड. मी म्हटलं, "भाऊजी, हात चुकला तर संपलं." पण हात चुकला नाही. पायावरची गाठ त्यांनी बरोबर मधोमध ठेवली आणि घासून घासून लाकूड असं चकचकीत केलं की मीच दोनदा हातात घेतलं.

आणि शेवटी माती खाल्ली. फिरकी एका खुणेपर्यंतच दाबायची असते. यांनी शिकंजात धरून पार टोकापर्यंत दाबली. आता पेन कसंही पिळा, रिफिलचं टोक बाहेरच. सुतार म्हणाले, "ओढायला गेलात तर लाकूड फुटेल."

"तोंड मिटत नाही याचं," ते हळूच म्हणाले.

"कुलपाच्या घरी हेच जन्माला यायचं होतं," मी म्हटलं. त्यांना हसू आलं नाही. ते खाटेवर बसून राहिले.

मुलगी आली. चहा झाला, ट्रंक खाली गेली, टॅक्सी थांबलेली. यांनी पेन तिच्या हातात ठेवलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, अहो, स्टुलाचं आहे हे सांगा तरी. नाही सांगितलं. तिनं दोनदा पिळून बघितलं, "बिघडलंय वाटतं" म्हणाली, पर्समध्ये टाकलं आणि गेली. टॅक्सी वळली तरी हे खिडकीतच.

त्यानंतर ते रोज पेनं करू लागले. एकाहून एक सुबक, सगळ्यांची तोंडं मिटणारी. एक मला दिलं, एक सुतारांना. बाकीची ग्लासात उभी. द्यायला होतंच कोण? मी कधी डबा घेऊन जायचे, पण त्या खोलीत मला फार वेळ बसवायचं नाही. ट्रंकेच्या जागी फरशीवर पांढरा चौकोन उमटला होता, आणि ते त्याला वळसा घालून चालायचे.

मग पावणेदोन महिन्यांनी मुलीचा मला फोन आला.

"मावशी, बाबांना विचारा ना, त्या पेनाला रिफिल कुठली लागते? संपली."

"संपली?"

"रोज तेच वापरते. दोन पर्सना डाग पडले. स्टुलाचा पाय आहे ना तो? ती गाठ ओळखते मी."

मी फोन घेऊन धापा टाकत वर गेले. लेथ बंद करायला लावलं. सांगितलं.

"संपली?" ते म्हणाले. "लिहून?"

"नाही, पिऊन. घ्या, बोला."

फोन कानाला लावून ते नुसते उभे. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मग त्यांनी घसा साफ केला.

"ती रिफिल तिकडे नाही मिळायची," ते म्हणाले. "इथंच मिळते. तू ये घ्यायला." ग्लासातली पेनं सारखी केली. "मी वाट बघतो."

तसली रिफिल जगात कुठेही मिळते. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तर बरणी भरून आहे. मी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कुलूप लागलं.